आधी माणसं, मग वही, पत्रे सगळ्यात शेवटी : खेड्यात मंडळी उभी करण्याचा क्रम

पत्र्याची शेड झाली, स्पीकर आला, पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, आणि दीड वर्षात रविवारच्या ख्रिस्ती उपासनेला उरले पाळक, म्हणजे धर्मगुरू, त्यांची बायको आणि दोन म्हाताऱ्या. धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत हे चित्र मी पाहिलंय. त्यातलं एक माझ्याच हातचं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. मेहनत सगळ्यांनीच केलेली असते, क्रम चुकलेला असतो. शेवटी करायचं काम आधी होतं आणि आधीचं राहूनच जातं.

खाली दिलेला क्रम पाच ते पंधरा घरांच्या नव्या संगतीसाठी, म्हणजे एकत्र प्रार्थनेला बसणाऱ्या छोट्या ख्रिस्ती मंडळीसाठी आहे. त्याला तीन वर्षं धरा. मोठ्या गावात, म्हणजे भुसावळ, नंदुरबार, धुळे इथल्या जुन्या मंडळ्यांत काम करणाऱ्यांना टप्पा ४, ६ आणि ७ तरी उपयोगी पडतील.

तयारी : गावात पाऊल टाकण्यापूर्वी

एक कॅलेंडर घ्या, भिंतीवरचं साधं चालेल. त्यावर देवाचे वार लिहिण्याआधी गावाचे वार लिहा. आठवडे बाजार कधी? जून-जुलैत पेरणी आणि निंदणी. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी. दिवाळी उरकली की मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, नंदुरबारकडची बरीचशी सुरत-बारडोलीच्या बाजूला. होळी आणि तिच्या आधीच्या आदिवासी भोंगऱ्या बाजाराला येऊन जातात, काही परत ऊसतोडीच्या फडावर जातात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काम बारमाही, तर रेल्वेच्या गावात शिफ्ट. एप्रिल-मेत पारा ४५ च्या घरात, आणि लग्नसराईही तेव्हाच.

हे कॅलेंडर भरल्यावर कळतं, की आपण शहरातून शिकून आलेला "रविवारी सकाळी १० वाजता" हा बेत अर्ध्या गावाला जमणाराच नाही. नाताळ भर ऊसतोडीत येतो. एका गावात आम्ही २५ डिसेंबरला मोठा मंडप घातला आणि समोर बसायला पोरं आणि म्हातारी माणसंच होती. पुढच्या वर्षी दोघं जण केक आणि ढोलक घेऊन फडावरच गेलो.

दुसरी तयारी भाषेची. पवित्र शास्त्र प्रमाण मराठीत वाचलं तरी बोलणं त्या घरच्या बोलीत हवं. अहिराणी, भिली, पावरी, मावची, लेवा, जिथे जे असेल ते. माझ्या पहिल्या वर्षी चाळीस मिनिटांच्या उपदेशानंतर एक आजी हात धरून म्हणाली, "बाबा, चांगलं बोलनात, पन आमले काही समजनं नही." त्या दिवसापासून मी उपदेश आदल्या रात्री एका शेतकरी भावाला सांगून बघतो. तो जिथे अडतो ती वाक्यं काढून टाकतो. "नीतिमान ठरवणे", "प्रायश्चित्त", "पवित्रीकरण" हे शब्द पहिल्या वर्षी न वापरता काम भागतं.

तिसरी, स्वतःच्या घराची. महिन्याचं पेट्रोल, मुलांच्या फिया, घरभाडं यांचा हिशोब बायकोबरोबर बसून लिहा. पाळकाची बायको ही बिनपगारी संडे स्कूल शिक्षिका, स्वयंपाकीण आणि महिला मंडळाची अध्यक्ष अशी तिन्ही एकदम नसते. तिला काय जमेल ते तिनेच सांगावं. आठवड्यातला एक दिवस घरचा ठेवा, बाजाराचा दिवस त्याला बरा. त्या दिवशी गावात तसंही कुणी भेटत नाही.

*तपासा :* गावातल्या माणसांचा दिवस, महिना आणि वर्ष कसं जातं हे तुम्हाला कॅलेंडर न बघता सांगता येतं का? नसेल तर अजून सुरुवात करू नका.

टप्पा १ : पहिले सहा महिने फक्त घरं

सभा नको, स्पीकर नको, बॅनर नको. आधी सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटून नाव, गाव, कुठल्या मंडळीचे, कशासाठी येता हे सरळ सांगा. लपूनछपून येणाऱ्या माणसाबद्दल गाव स्वतःच गोष्ट रचतं, आणि ती गोष्ट नंतर पुसता येत नाही.

घरी जायची वेळ संध्याकाळची, माणसं शेतातून येऊन हातपाय धुऊन बसल्यावर. घरी बाई एकटी असेल तर ओट्यावरच बसा, पाणी प्या आणि निघा. पहिल्या चार-पाच भेटींत ऐकायचं काम जास्त. कुणाचं कर्ज, कुणाची पोरगी सासरहून परत आलेली, कुणाच्या सातबाऱ्यावर भाऊबंदकी. प्रार्थना करू का, असं विचारा. "नको" म्हणाले तर नको, रागावू नका.

कानबाई, रोट, कुलदैवत, आखाजी यांवर टीका करायची नाही. विचारलं तर आपला विश्वास सांगा, त्यांच्या देव्हाऱ्याबद्दल बोलू नका. हे शिष्टाचार म्हणून सांगतो आणि अनुभव म्हणूनही. ज्या तरुण सेवकाने पहिल्याच महिन्यात देव्हाऱ्यावर बोट ठेवलं, त्याला त्या गल्लीत नंतर कुणी पाणी विचारलं नाही.

*सावध :* प्रार्थना करणाऱ्या माणसांचे फोटो, रडणारी बाई, हात वर केलेली पोरं हे काहीही व्हॉट्सअॅपवर टाकू नका. देणगीदाराने मागितलं तरी नाही. तो फोटो तासाभरात गावात परत येतो आणि त्याची किंमत ते घर मोजतं.

टप्पा २ : आजारपणातली प्रार्थना

आपल्याकडे बहुतेक माणसं पहिल्यांदा दाराशी येतात ती दुखण्यामुळे. म्हणून सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. मी यावर जरा रेंगाळणार आहे.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ सेवकांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. औषध बंद करावं असं तिथे कुठेही नाही. तरी "विश्वास असेल तर गोळ्या कशाला" हे वाक्य आपल्याच व्यासपीठावरून ऐकू येतं. क्षयरोगाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस साक्ष देतो आणि गोळ्या सोडतो. मग आजार औषधाला दाद न देणारा होऊन परत येतो. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. सांधे दुखतात म्हणून ज्या पोराला उपवास-प्रार्थनेला तीन दिवस बसवलं, त्याला पाणी आणि दवाखाना यांचीच गरज असते. असल्या पोराला उपवास करायला लावूच नका.

क्रम असा ठेवा. आधी विचारा, दवाखान्यात दाखवलं का? कागद बघा. दाखवलं नसेल तर प्रार्थना छोटी करा आणि सोबत निघा. साप, विंचू, कुत्रं चावलं असेल तर प्रार्थना गाडीत बसून. १०८ लावा. साप-विंचू-कुत्रं चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तेल आणि प्रार्थना हातात घेऊन अडवलं म्हणून आपण वेगळे ठरत नाही.

त्याच कायद्यात दुसरी गोष्ट येते, ती आपल्या भागात जास्त महत्त्वाची. अमक्या बाईने करणी केली, तिच्यात सैतान आहे, असं कुणालाही नाव घेऊन म्हणायचं नाही. डाकीण ठरवलेल्या बाईचं पुढे काय होतं हे नंदुरबारकडच्या माणसाला सांगायला नको. "कुणी केलंय हे देवाला विचारा" असा आग्रह घरचे धरतात. तेव्हा सरळ सांगायचं, की मी नाव घेणार नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर मी त्या बाईच्या बाजूने उभा राहीन.

डोक्यावर हात ठेवायचा तर आधी विचारा. बाईसाठी प्रार्थना असेल तर दुसरी बाई सोबत हवी. साक्ष रविवारी लगेच द्यायला लावू नका. तीन महिने जाऊ द्या, डॉक्टरचा कागद आल्यावर त्या माणसाला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर बोलेल.

*तपासा :* तुमच्या फोनमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि गावच्या आशाताईंचा नंबर आहे का?

टप्पा ३ : घरसंगती

पाच ते आठ घरं तयार झाली की आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर बसा. पन्नास मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोन गीतं, एक उतारा, तीन प्रश्न, प्रार्थना. प्रश्न कायम तेच ठेवा : यात काय घडलं? त्यातलं मनाला काय लागलं? या आठवड्यात काय करू? न वाचता येणारा माणूसही तिन्हींची उत्तरं देऊ शकतो. उतारा दोनदा वाचा, मग एखाद्याला त्याच्या बोलीत परत सांगायला लावा. चुकलं तर दुसरं कुणी दुरुस्त करेल, तुम्ही गप्प बसा. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं.

घरं आलटून-पालटून घ्या, पण खाण्यापिण्याला मर्यादा घाला. हा नियम छोटा वाटतो, पण तो न केल्याने संगत्या मोडल्यात. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा-बिस्कीट, तिसऱ्या घरी शेवभाजी, आणि चौथं घर म्हणतं, आमच्याकडे पुढच्या महिन्यात बघू. ते घर मग येणंच बंद करतं. आमच्याकडे नियम एकच : काळा चहा, बाकी काही नाही. वरण-बट्टीचं प्रीतिभोजन तीन महिन्यांतून एकदा, सगळ्यांनी पीठ-डाळ आणून.

स्पीकर अजूनही नको. पुढे कधी लावलाच तर लेखी परवानगी घ्या, आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवा, तो देशभरचा नियम आहे. आठ घरांच्या संगतीला स्पीकर कशाला लागतो हे मात्र मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

टप्पा ४ : वही

"आमच्याकडे दोनशे लोक येतात." कोण? "येतात हो, बरेच."

गर्दी मोजू नका, घरं लिहा. शाळेची लांब वही घ्या, एका घराला एक पान. घरातली माणसं, वयं, कुणाला वाचता येतं, बाहेरगावी कोण आणि कुठे, कुठला आजार, शेवटची भेट कधी, पुढची कधी. माझ्या वहीतलं एक पान असं होतं : "नवरा-बायको कोयत्यावर, दिवाळीनंतर. पोरं आजीकडे, दोन. आजीचं मोतीबिंदू. जानेवारीत पोरांची शाळा बघणे." कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला. त्या घराला जानेवारीत माझ्या उपदेशाची काहीच गरज नव्हती. मोठी पोरगी शाळा सोडून लहान भावाला सांभाळत होती, ते बघणारं कुणीतरी हवं होतं.

हजेरी वर्षातून चार वेळा घ्या : ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे. चारही आकडे शेजारी लिहा. फक्त होळीच्या आठवड्यातली संख्या बघून मंडळी वाढली म्हणणारा आणि फक्त जानेवारीतली बघून खचणारा, दोघेही एकच चूक करतात.

*सावध :* वहीत घरातली गुपितं लिहू नका. वही हरवते, आणि कुणाच्याही हाती लागते.

टप्पा ५ : बाप्तिस्मा

घाई इथे नको. किमान सहा महिने शिक्षण, मग त्या माणसाने स्वतःच्या अक्षरात किंवा अंगठा देऊन अर्ज, त्यावर दोन साक्षीदार. नवरा किंवा बायको एकटाच तयार असेल तर दुसऱ्याशी आधी बोला. अल्पवयीन असेल तर आईवडिलांशिवाय विषयच काढू नका. पैसे, नोकरी, शाळाप्रवेश, कर्जफेड यातलं काही बाप्तिस्म्याच्या जवळपास फिरकता कामा नये. मदत करायची तर कुणालाही करा, पण ती आणि हे वेगळं दिसलं पाहिजे. आपल्या सीमेला गुजरात आणि मध्य प्रदेश लागून आहेत, आणि दोन्हीकडे धर्मांतराचे स्वतंत्र कायदे आहेत : गुजरातेत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, मध्य प्रदेशात ६० दिवस आधी कळवणं. नवापूर किंवा शिरपूरच्या पाळकाने सीमा ओलांडून तिकडे बाप्तिस्मा देण्याआधी, आणि आपल्याकडचा सध्याचा नियम काय तेही, वकिलाला विचारावं.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न येणारच. खरं ते आधी सांगा. अनुसूचित जमातीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातीच्या आदेशात मात्र आहे : हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो दर्जा मिळतो. म्हणजे अनुसूचित जातीतल्या भावाच्या मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीतलं आरक्षण यावर परिणाम होतो. हे त्याला पाण्यात उतरण्यापूर्वी माहीत असलं पाहिजे. "नंतर बघू" म्हणणाऱ्या पाळकाने त्याला फसवलंय, आणि कागदावर खोटं लिहायला सांगणाऱ्याने तर दुप्पट.

टप्पा ६ : पंच निवडणं

एकटा पाळक साधारण पंधरा घरं नीट सांभाळू शकतो. सोळाव्या घरापासून कुणाचं तरी दुर्लक्ष सुरू होतं. निर्गमाच्या १८ व्या अध्यायात इथ्रो जावयाला, म्हणजे मोशेला, नेमकं हेच बजावतो : एकटा न्याय करत बसलास तर तूही दमशील आणि लोकही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबूर झाली तेव्हा सात जण निवडले गेले, आणि ते लोकांनी निवडले.

आपण पंच, म्हणजे मंडळीचं काम वाटून घेणारी माणसं, म्हणून कुणाला निवडतो? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, जो सभेत मोठ्याने आमेन म्हणतो, किंवा जो आपल्याला जेवायला बोलावतो. तिन्ही निकष चुकीचे.

आधी काम द्या, मग पद. नाव न देता सहा महिने एक-एक काम सोपवा : संगतीला येणाऱ्या म्हातारीला आणणं, हजेरी लिहिणं, फडावर गेलेल्या घराला आठवड्याला फोन करणं. वेळेवर होतं का, न सांगता होतं का, पैशाचं काम दिलं तर चिल्लरसुद्धा परत येते का, ते बघा. मग तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायातली यादी घेऊन त्याच्या घरी बसा. त्या यादीतल्या बहुतेक गोष्टी स्वभावाच्या आहेत, वक्तृत्वाच्या नाहीत. त्याच्या बायकोला विचारा, याने दारू खरंच सोडलीय का. ती हसून विषय बदलते तेव्हा उत्तर मिळालं असं समजा.

पाच पंच पुरे. त्यात किमान दोन बाया हव्यात, कारण घराघरातली खरी बातमी विहिरीवर आणि हापशावर कळते. एका भावकीतले दोनपेक्षा जास्त नकोत. मुदत दोन वर्षं, आणि ती पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगा. मुदत न ठरवता नेमलेला पंच काढता येत नाही. काढला तर अर्धी भावकी घेऊन जातो. मी एकदा ही चूक केली आणि नऊ घरं गमावली. त्यातली चार परत आली.

*तपासा :* तुम्ही तापाने महिनाभर पडलात तर रविवार कोण घेईल? नाव सांगता येत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा ७ : पैसा

दान मोजायला कायम दोघं, आणि त्यात पाळक नाही. आमच्याकडे उपासना संपल्यावर लिंबाखाली सतरंजीवर सगळ्यांसमोर थैली उलटी करतात. एक मोजतो, दुसरी मोजते, आकडा जुळला की वहीत लिहून दोघांची सही किंवा अंगठा. पोरं भोवती उभी राहून नाण्यांवर डोळा ठेवतात. त्यांच्यासारखा हिशोब तपासणारा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च मोठ्याने वाचायचा. पौलही करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो, की या देणगीच्या बाबतीत कुणी बोट ठेवू नये म्हणून आम्ही काळजी घेतो आहोत, आणि ते पैसे न्यायला तो एकटा जात नाही.

हल्लीची नवी चूक म्हणजे भिंतीवर पाळकाच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड. हेतू चांगला असला तरी तीन वर्षांनी कर खात्याने किंवा पंचांनी विचारलं की उत्तर देता येत नाही. संस्थेचं पॅन, संस्थेचं खातं, दोन सह्या. स्वतःची नोंदणी नसेल तर ज्या मूळ मंडळीच्या ट्रस्टखाली तुम्ही आहात, त्यांच्या खात्यात जमा करा आणि पावती फाडा. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणीशिवाय, आणि दिल्लीतल्या ठरलेल्या स्टेट बँक शाखेतल्या खात्याशिवाय, एक रुपयाही घ्यायची नाही. ओळखीच्या भावाच्या खात्यातून फिरवून तर मुळीच नाही.

रोख नसलेल्या घरांसाठी मुठीचं धान्य सुरू करा : भाकरीचं पीठ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात. हंगामाच्या उपकारस्तुतीत, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेत, ज्वारी, कापूस, केळीचा घड येतो आणि त्याचा लिलाव होतो. लिलाव मजेत होऊ द्या, पण बोली लावणाऱ्यांची नावं नंतर वाचू नका. एक घड तीनदा विकत घेऊन परत देणारा असतो, तसा हात खिशात घालून खाली बघणाराही असतो.

ट्रस्ट नोंदवलाच असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. मेलेल्या विश्वस्तांच्या नावावर चाललेले ट्रस्ट आपल्या भागात किती आहेत ते विचारू नका.

टप्पा ८ : लग्न आणि मयत

लग्नासाठी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आहे. लग्न लावायचा अधिकार किंवा परवाना असलेल्यानेच लावावं. विनापरवाना लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं "पास्टर" हे नाव पुरत नाही. मुलगा २१, मुलगी १८. वयाचा पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, आईचं "आखाजीला झाली" हे पुरावा नव्हे. आधीचा जोडीदार हयात नाही ना, ते बघा. दोन साक्षीदार. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आत. आपल्याकडे वरात नाचत येते आणि सात वाजून जातात, म्हणून पत्रिकेवर दुपारची ४ ची वेळ छापा. परवाना नसेल तर मोठ्या मंडळीच्या परवानाधारक पाळकाला बोलवा, तुम्ही उपदेश करा.

मयतीचं मात्र आधीच ठरवा. पहिला माणूस जाण्याआधी. एका गावात रात्री अकराला मंडळीतली एक बहीण वारली आणि पुरायचं कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. गावच्या जागेत नको म्हणणारे होते, शेताच्या बांधावर नको म्हणणारा दीर होता. पहाटे चारपर्यंत बोलणी चालली आणि घरचे रडायचं विसरून भांडत बसले. तेव्हापासून कुठल्याही गावात सहा घरं झाली की मी ग्रामपंचायतीत दफनाच्या जागेचा लेखी अर्ज देतो आणि पोच घेतो.

टप्पा ९ : भांडणं

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला क्रम पाळा : आधी एकट्याने त्याच्याशी, मग एक-दोन जण घेऊन, मग मंडळीपुढे. आपण उलटं करतो, आधी उपदेशात टोमणा मारतो. तो टोमणा ज्याच्यासाठी असतो त्याला सोडून सगळ्यांना लागतो.

मारहाण, अत्याचार, लहान मुलांशी गैरवर्तन हे या क्रमात बसत नाही. तिथे पोलीस, लगेच. मंडळीचं नाव वाचवायला मिटवामिटवी करायची नाही.

टप्पा १० : जागा आणि पत्रे

आता माझी शेड. तेव्हा अकराच घरं होती, आणि मला घाई होती. मंडळीतल्या एका भावाने घरामागची जागा तोंडी दिली. शंभराच्या स्टॅम्पवर चार ओळी लिहिल्या, लोखंडी अँगल उभे केले, पत्रे टाकले. दोन वर्षांनी तो भाऊ वारला. त्याच्या धाकट्या भावाने एका शनिवारी कुलूप लावलं. कागद घेऊन वकिलाकडे गेलो तर त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "जमीन आदिवासीची आहे ना?" त्यांनी तो स्टॅम्प परत माझ्याकडे सरकवला आणि चहा मागवला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा कशानेही द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. आपला ट्रस्ट म्हणजे आदिवासी व्यक्ती नव्हे. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा तर वारसांकडे जातो, तो विकता किंवा देता येतच नाही. म्हणून क्रम असा :

१. सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) काढा. भोगवटादार वर्ग, इतर हक्कातली नावं, वारसनोंद बघा.
२. सगळ्या वारसांशी एकत्र बसून बोला, परगावी असलेल्यांशीसुद्धा.
३. वकिलाचं लेखी मत घ्या. मंजुरी लागत असेल तर ती मिळेपर्यंत ओट्यावरच बसा.
४. व्यवहार ट्रस्टच्या नावाने, नोंदणीकृत. पाळकाच्या किंवा त्याच्या मुलाच्या नावाने नाही.
५. बिनशेती, ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी, मग पाया.

पत्रे टाकताना उंची बारा फुटांच्या खाली ठेवू नका आणि दोन्ही बाजूंना जाळी सोडा. मे महिन्यात बुटक्या शेडमध्ये सकाळी ९ नंतर कुणी बसू शकत नाही. पंख्यांपेक्षा बाहेर लावलेली दोन लिंबाची झाडं जास्त कामाला येतात.

*तपासा :* पाळकाची उद्या बदली झाली तर या जागेत मंडळी बसू शकेल का, असं कागद वाचून वकील म्हणतात का?

टप्पा ११ : दुसरं गाव

पंच दोन वर्षं टिकले, हिशोब सलग बारा महिने वाचला गेला आणि तुम्ही नसताना सहा रविवार नीट झाले, की शेजारच्या पाड्याचा विचार करा. तिथे स्वतः जाऊ नका. पहिल्या गावातलं एक जोडपं पाठवा, त्याच बोलीचं, शक्यतो तिथे सोयरीक असलेलं. तुम्ही महिन्यातून एकदा जा, मागच्या सतरंजीवर बसा. पेट्रोलचे पैसे पहिल्या गावाच्या थैलीतून जाऊ द्या. त्यावर बैठकीत थोडी कुरबूर होईल, होऊ द्या, पंचांनीच ती मिटवायची आहे.

जोडप्याला देताना नवी लांब वही द्या. पहिल्या पानावर कॅलेंडर आणि बाकीची पानं कोरी. जुन्या वहीची झेरॉक्स देऊ नका. तिथली घरं त्यांना स्वतः फिरून लिहायची आहेत.